साउथ कॅरोलिना, बौशर आणि हमरिया

"त्यांचं त्यांनी वेगळं केलं, तर त्यांनाही मोकळं वाटेल," बौशरच्या काकू म्हणाल्या.

मी तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. हॉलमध्ये मंडळाची कमिटी बसली होती. काकू कुजबुजत नव्हत्या, पण ते वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी ट्रे घेऊन आत जावं की वाक्य जिरेपर्यंत थांबावं, हे मला ठरवता येईना. माझे बाबा मंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी समोरच्या चकलीचा एक तुकडा मोडला आणि न खाता बशीत परत ठेवला.

"त्यांचं" म्हणजे हमरियाच्या लोकांचं. मस्कतमध्ये आमचं जे छोटंसं मराठी मंडळ आहे, त्यात दोन तऱ्हेचे लोक आहेत. एक फॅमिलीवाले, म्हणजे बौशरला किंवा आमच्यासारखे अल अमेरातला बायको-मुलांसह फ्लॅट घेऊन राहणारे. दुसरे बॅचलर. आखातात बॅचलर म्हणजे ज्याची बायको-मुलं इथे नाहीत असा माणूस, मग गावी त्याला तीन मुलं असोत. फॅमिली व्हिसाला जेवढा पगार लागतो तेवढा त्याचा नसतो, एवढंच. हे बहुतेक हमरियात राहतात, दुकानांच्या वरच्या खोल्यांमध्ये, एका खोलीत पाच-सहा जण. सुतार, एसी मेकॅनिक, ड्रायव्हर, स्वयंपाकी. बरेचसे कोकणातले.

दरवर्षी एक मेच्या जवळच्या शुक्रवारी मंडळाचा महाराष्ट्र दिन व्हायचा, एका शाळेच्या हॉलमध्ये. त्या वर्षी कमिटीतल्या वसईच्या अंकलनी ते नोकरी करतात त्या हॉटेलचा हॉल कमी भाड्यात मिळवून दिला होता. हॉल सुंदर होता, झुंबरांचा. फक्त हॉटेलचा नियम होता की कार्यक्रमाला फॅमिलीच येतील.

"रूल माझा नाही, बरं का," अंकल दोन्ही हात वर करून म्हणाले. "मी तिथे बँक्वेटला कामाला आहे, मालक नाही. मालक असतो तर तुम्हाला ही चहा-बिस्किटं कशाला खायला लागली असती?"

"चकली आहे ती," काकू म्हणाल्या.

"तेच. मालक असतो तर केक दिला असता."

सगळे हसले आणि मी त्या हसण्याच्या आडोशाने आत जाऊन ट्रे ठेवला.

काकूंबद्दल गैरसमज नको. माझी आई मस्कतला नवीन असताना आजारी पडली, तेव्हा तिला गाडीत घालून दवाखान्यात नेणाऱ्या याच काकू. त्यांची तक्रारही खोटी नव्हती. आदल्या वर्षी मुलींच्या नाचाच्या वेळी मागे उभ्या असलेल्या काही जणांनी मोबाइल वर धरून शूटिंग केलं होतं आणि दोन आयांना ते आवडलं नव्हतं. काकूंनी एक सभ्य उपाय शोधला होता, एवढंच. आणि त्या सभ्यपणामुळेच त्याला विरोध करणं अवघड होतं.

मंडळ आजही एकच आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण त्याशिवाय हे सगळं इतक्या अभिमानाने मला लिहिता आलं नसतं. पण त्या आठवड्यात ते एक राहील असं कोणालाच वाटत नव्हतं. बाबांना तर मुळीच नाही.

मी तेव्हा एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. आठवीला अमेरिकेचा इतिहास. मी स्वतः इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकले, पुण्याला बी.ए. करून परत आले. घराबाहेर मी फार बोलत नसे. मराठीत तर वाक्य सुरू केलं की शेवटचं क्रियापद सापडेपर्यंत समोरचा दुसरा विषय काढायचा. पण वर्गात मला बोलता यायचं. तिथे इंग्रजी होतं, हातात खडू होता आणि समोरच्यांची उंची माझ्यापेक्षा कमी होती.

नेमक्या त्याच दिवसांत माझा धडा चालू होता तो अमेरिकेच्या प्रजासत्ताकाच्या सुरुवातीच्या काळाचा. ब्रिटिशांशी दुसरं युद्ध झालेलं आहे. राजधानी जाळली गेली, राष्ट्राध्यक्षांचं घरही जळलं, तरी देश उभा राहिला, म्हणून लोकांची छाती फुगलेली आहे. नवे रस्ते, नवे कालवे, प्रत्येक भाषणात राष्ट्र, राष्ट्र. आणि त्या फुगलेल्या छातीच्या आतच भांडणं सुरू झाली आहेत. उत्तरेला कारखाने, म्हणून त्यांना परदेशी मालावर जकात हवी. दक्षिणेला कापूस, म्हणून त्यांना ती नको. पश्चिमेला जमिनी आणि रस्ते हवेत. प्रत्येक जण म्हणतो की खरं राष्ट्र आम्हीच. शेवटी साउथ कॅरोलिना म्हणते, तुमचा जकातीचा कायदा आमच्या हद्दीत रद्द, आणि जबरदस्ती केलीत तर आम्ही वेगळे.

मला हा धडा आवडायचा, कारण त्याला एक मस्कतचा धागा होता आणि तो मी पाठ्यपुस्तकाबाहेरून शोधला होता. ज्या वर्षी साउथ कॅरोलिनाचं ते भांडण कसंबसं मिटवलं गेलं, त्याच १८३३ साली अमेरिकेचं एक जहाज मस्कतच्या बंदरात आलं आणि सुलतानांशी व्यापाराचा करार झाला. मी हे सांगितलं तेव्हा सगळा वर्ग ताठ बसला. आपल्या गावाचं नाव परक्या इतिहासात आलं की माणूस ताठ बसतोच. माझीही मान थोडी वर गेली होती, हे कबूल करायला हरकत नाही. माझा जन्म रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यातला, पण ते बंदर माझं आहे.

"जहाजावरच्या लोकांनी सुलतानांना सांगितलं का, की घरी आमची भांडणं चालली आहेत?" ओमानच्या सूर बंदरातल्या एका मुलाने विचारलं. त्याचे आजोबा जहाजं बांधायचे, त्यामुळे जहाजाचा विषय निघाला की तो जागा व्हायचा.

"नसावं सांगितलं," मी म्हणाले. "परक्या बंदरात आपण एकच असतो."

पुढच्या तासाला मी वर्गाची काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, केली. बाकांचे तीन गट, उत्तर, दक्षिण आणि पश्चिम. आणि फळ्याजवळच्या भिंतीला लावून एक रिकामी खुर्ची. तिच्याबद्दल मी काहीच बोलले नाही. कोणी विचारतं का, ते मला पाहायचं होतं.

सूरचा मुलगा साउथ कॅरोलिना झाला आणि फारच रंगला. "हे आमचं ऐकतच नाहीत, मिस. मग आम्ही यांच्यात राहायचं कशाला? आमचं आम्ही करू."

"जा ना मग," उत्तरेतून एक केरळची मुलगी म्हणाली. "पण तुमचा कापूस नेणारी जहाजं आमची आहेत."

"आम्ही बांधू जहाजं."

"आजोबांना विचार आधी."

वर्ग खिदळला. मग नव्या राज्यांत गुलामगिरी असावी का, या त्याआधीच्या भांडणावरचा मिसुरीचा तोडगा मी फळ्यावर लिहिला: एक गुलामगिरीवालं राज्य, एक त्याशिवायचं, आणि पुढच्या प्रदेशासाठी नकाशावर एक आडवी रेघ. सगळ्यांना तो आवडला. भांडण थांबलं होतं. तेव्हा मागच्या बाकावरून एक ओमानी मुलगी, जी शाळा सुरू झाल्यापासून माझ्याशी आपण होऊन एकदाही बोलली नव्हती, म्हणाली, "मिस, त्या खुर्चीवर कोणी यायचं आहे का?"

मी सांगितलं. ज्या गुलामांबद्दल ही रेघ मारली जात होती, त्यांची ती खुर्ची. कापूस त्यांनी वेचला. दक्षिणेच्या खासदारांच्या जागा मोजताना त्यांच्यातली पाच माणसं तीन म्हणून धरली गेली. पण सभागृहात त्यांच्यातलं कोणी नव्हतं.

"त्यांना कोणी बोलावलंच नाही?"

"नाही."

"मग तोडगा कोणाचा झाला?"

मी तिला म्हणाले की हा प्रश्न वहीत लिही, याचं उत्तर द्यायला त्या देशाला पुढे एक मोठं युद्ध लागलं. तास संपल्यावर ती जाताना खुर्ची उचलून परत माझ्या टेबलामागे ठेवून गेली. मला शिकवायला लागून वर्षही झालं नव्हतं. त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीत बसून थोडा वेळ नुसतीच हसले.

हमरियाचा विचार तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता. आणि आजही मला ती तुलना सरसकट करायची नाही. हमरियाचे लोक कोणाचे गुलाम नव्हते, काकू कोणाच्या मालकीण नव्हत्या. ते दुःख फार वेगळं आहे आणि ते उसनं घेऊ नये. पण कोण खोलीत आहे आणि कोण नाही, हे पाहायची सवय मात्र मला त्या तासानंतर लागली.

शुक्रवारी दुपारी बाबा म्हणाले, "चल हमरियाला." संध्याकाळी बौशरला कमिटीची शेवटची बैठक होती आणि त्याआधी त्यांना काकांना भेटायचं होतं.

काका म्हणजे मंडळाच्या स्टेजची कमान करणारे काका. सुतार, मालवणकडचे. आई आणि मी मस्कतला येण्याआधी बाबा कित्येक वर्षं हमरियाच्या त्याच खोलीत त्यांच्यासोबत राहायचे. बाबांचा पलंग खालचा, काकांचा वरचा. बाबांना बढती मिळाली, पगार वाढला, आम्ही आलो. काकांचा पगार तिथपर्यंत कधी पोहोचला नाही. त्यांची बायको आणि दोन मुली गावीच राहिल्या. मला एवढं आठवतं की आम्ही आलो त्या पहिल्या शुक्रवारी बाबा त्यांना जेवायला घेऊन आले, तर ते इमारतीखाली गाडीजवळच उभे राहिले. बाबांनी तीनदा सांगूनही वर येईनात. शेवटी आई डोक्यावर पदर घेऊन खाली गेली आणि म्हणाली, "भावोजी, चला, पानं वाढलीत." तेव्हा आले. मग मात्र वर्षानुवर्षं दर शुक्रवारी.

खोलीत सुकटीचा वास होता आणि क्रिकेटची मॅच लावलेली होती. काका शर्टाला इस्त्री करत होते. खालच्या पलंगावर आता दुसराच कोणी झोपत होता. तो आम्हाला पाहून उठला आणि त्याने चादर सारखी केली.

"काय गो चेडवा, मास्तरीन झालंस ता ऐकलंय," काका म्हणाले. "पोरांक मारतंस काय?"

मी मान हलवली.

"मग ती शिकतली कशी?"

बाबा खाली बसले. काकांसमोर बसले की बाबांची भाषाही बदलायची. "हॉटेलाचा कळला मां तुका?"

"कळला. माका काय कळाचा रवता?" इस्त्री जोरात फिरली. "बरा झाला. आमकाच नको तुमचा हॉटेल. आमी हयसरच करू, आमचा नाव घालून. ढोलकी आमची, लेझीम आमची, कमान माझी. तुमी झुंबरां बघा."

खोलीतले बाकीचे "बरोबर" म्हणाले. मला सूरचा मुलगा आठवला.

"मीटिंगेक तरी येवचा होतास," बाबा म्हणाले. "बोलून सुटला असता."

"माका कोणी बोलवल्यान?"

"ग्रुपवर घातललंय मी."

काकांनी इस्त्री उभी ठेवली. "ग्रुपवर घातला म्हणजे बोलवला? फॅमिलीच्या घराकडे असा कोण जाता? बायका-पोरां असतत. बेल मारून दारात उभा रवान काय सांगू, मीटिंगेक इलंय?"

मी मनातल्या मनात मागे मोजत गेले. पूर्वी कमिटी हमरियातल्या एका हॉटेलच्या माडीवर बसायची. मग फॅमिल्या वाढल्या, लहान मुलं आली, जिना चढायला त्रास, म्हणून बैठका बौशरला कोणाच्या तरी घरी व्हायला लागल्या. घरी चहा चांगला मिळतो. आणि बोलावल्याशिवाय बॅचलरने फॅमिलीच्या घरी जायचं नाही, ही इथली रीत. ती कोणी लिहिलेली नाही, पण मोडणारा माणूस मी पाहिलेला नाही. म्हणजे बैठक घरात गेली त्याच दिवशी हमरिया कमिटीतून बाहेर पडलं होतं. कोणी काढलं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं की ते येत नाहीत, आणि त्यांना वाटत होतं की आपल्याला बोलावत नाहीत.

"चल, आमच्याकडे जेवूक," बाबा शेवटी म्हणाले. "वाटेत बौशराक थोडा काम आसा."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मी वर येवचंय नाय."

"नको येव. गाडीत बस."

"आणि माझा नाव काढूचा नाय. माझी शपथ."

"नाय काढणंय."

इस्त्री केलेला शर्ट काकांनी घातला. गाडीत बसायला इस्त्रीचा शर्ट कशाला, असं मी विचारलं नाही. वाटेत ते मागच्या सीटवरून बाबांच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवत होते आणि बाबा मस्तपैकी ऐकून घेत होते. असे ते दोघं मला फार आवडतात. मंडळ फुटलं तर हे शुक्रवारही हळूहळू फुटतील, हे मला तेव्हा आरशात दिसणाऱ्या त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. दोघंही फार मोठ्याने बोलत होते.

बौशरला गाडी सावलीत लावून, एसी चालू ठेवून आम्ही वर गेलो. काका रेडिओची बटणं दाबत बसले.

वर सगळे आधीच आलेले होते. बाबांनी तोडगा मांडला. मला तो अर्धा माहीत होता, उरलेला त्यांनी जिना चढताना ठरवला असावा. कार्यक्रम दोन. दुपारी हमरियाचा, संध्याकाळी हॉटेलचा. दोन्हीकडे बॅनरवर मंडळाचं नाव एकच. हॉटेलातून हमरियाला गोडाचं पाठवायचं. कमान दुपारी तिथे, संध्याकाळी इथे.

"परफेक्ट," कोणीतरी म्हणालं.

"खलास. सगळे खूश," वसईचे अंकल म्हणाले आणि त्यांनी टाळी वाजवली. मग ती एकट्याचीच आहे असं लक्षात येऊन हात चोळले. त्यांचाही चेहरा फार खूश दिसत नव्हता. नाताळला त्यांच्या घरचा बाळ येशूचा गोठा दरवर्षी काकाच करायचे.

मी नेहमीसारखी कोपऱ्यातल्या मुढ्यावर होते. खोलीत नऊ-दहा माणसं होती आणि सगळ्यांनी एक नको असलेलं काम संपल्याचा निःश्वास सोडला होता. त्या लोकांना मी लहानपणापासून ओळखते. याच मंडळाच्या स्टेजवर मला मराठी यायला लागलं. वसईच्या बायकांनी गाणी म्हटली, हमरियाच्या पोरांनी लेझीम केलं, पुण्याच्या एका काकूंनी मला ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं, आणि भाषण विसरले तेव्हा कमानीमागून काकांनीच मला पुढचं वाक्य पुरवलं होतं, मालवणीत. मी ते तसंच मालवणीत म्हटलं आणि सगळा हॉल हसून उभा राहिला होता. शाळेत कोणी मला तू कुठली असं विचारलं, की माझ्या डोळ्यांपुढे तो हॉल यायचा, सगळाच्या सगळा, मागे उभ्या असलेल्या रांगेसकट.

"मग ठरलं," काकू म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळल्या. "निवेदन तूच करायचंस हं, नेहमीप्रमाणे. दुपारी आणि संध्याकाळी, दोन्हीकडे. जमेल ना ग बाळा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडून नेहमी येणारं उत्तर म्हणजे मान हलवणं, आणि ते गृहीत धरून अंकलनी चहाचा कप उचललाही होता. मी बाबांकडे पाहिलं. ते बशीकडे पाहत होते. ते बोलणार नव्हते, त्यांना शपथ घातली होती.

मला कोणी घातली नव्हती.

खुर्च्या सगळ्या भरलेल्या होत्या. मी मुढ्यावरून उठले, म्हणजे तिथे एक जागा झाली. क्रियापद सापडेल की नाही याची मी वाट पाहिली नाही.

"काकू," मी म्हणाले, "हमरियाचे काका खाली गाडीत बसलेत. तुम्ही स्वतः खाली जाऊन बोलावल्याशिवाय ते वर येणार नाहीत, आणि ते वर आल्याशिवाय यातलं काहीच ठरलेलं नाही."